ओढा मोजायला घेतला त्याच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसरा झाला, आज ओढ्यात पाणी मोजायची प्लेट (व्ही-नॉच) बसवली. जागा सासुरवाडीची, गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला, त्र्यंबक रोड सोडून आत गेलं की ब्रह्मगिरीच्या रांगेतून एक ओढा उतरतो आणि पुढे धरणाच्या पाण्यात जातो, म्हणजे फिरून आमच्याच नाशिकच्या नळात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आपसातली भांडणं आहेत, ती मोबाईलवर फिरायला नकोत.

तीन वर्षं आम्ही चार-पाच जण डोंगरावर चर खणतोय, दगडी बांध घालतोय, झाडं लावतोय, आणि दर मार्चला ओढा आटतोच. मामा म्हणजे सासरे म्हणतात पूर्वी होळीपर्यंत वाहायचा, कोणी म्हणतं पाडव्यापर्यंत, एका आजीबाईंच्या मते तर कधी आटलाच नाही. मी पडलो क्वालिटीवाला, सातपूरला दिवसभर गेज लावून पार्ट तपासतो, मला हे अंदाजपंचे जमत नाही. म्हणून ठरवलं की यंदा खणायचं कमी आणि मोजायचं जास्त.

व्ही-नॉच म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. पत्र्याच्या प्लेटमध्ये वरून बरोबर नव्वद अंशाची व्ही आकाराची खाच कापायची, प्लेट ओढ्यात आडवी उभी करायची, सगळं पाणी त्या खाचेतूनच गेलं पाहिजे. मागच्या बाजूला, प्लेटपासून थोडं लांब, पट्टी लावून खाचेच्या टोकापासून पाणी किती उंच आहे ते वाचायचं. १० सेंटीमीटर असेल तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर. ५ सेंटीमीटर असेल तर निम्मं नाही, फक्त पाऊण लिटर. हे शेवटचं गावात कोणालाच पटत नाही, मलाही आधी पटलं नव्हतं.

बसवायला चार तास गेले. बाजूने पाणी पळायचं, मग शाडू, गोणपाट, परत शाडू. स्पिरिट लेव्हल लावली तर प्लेट एका बाजूला कललेली, परत काढली. मेव्हणा काठावर बसून, "जावईबापू, कंपनीत असंच काम करता का?" संध्याकाळी रीडिंग १४ सेंटीमीटर. सेकंदाला १० लिटर. छान वाटलं.

१५ ऑक्टोबर

कँटीनमध्ये जायकवाडीचा विषय. दर वर्षी या तारखेला निघतोच, कारण १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून, म्हणजे नाशिक-नगरमधून, पाणी सोडायचं असा हिशोब आहे. २००५ चा कायदा, पाणीवाटपाची मेंढेगिरी समिती, २०१४ चा जलसंपत्ती प्राधिकरणाचा आदेश, सगळं त्यातच आलं. गेल्या वर्षी साधारण ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) सोडायचा आदेश निघाला तेव्हा इथे केवढी बोंबाबोंब. यंदा सप्टेंबरातच धरण भरलं त्यामुळे शांतता. आमच्यातला एक जण संभाजीनगरचा, तो बिचारा दर वर्षी या दिवशी डबा गपचूप खातो.

मी पण "आमचं पाणी" म्हणणाऱ्यांतलाच होतो.

२७ ऑक्टोबर, रविवार

ओढ्याच्या काठाने वरपासून खालपर्यंत चाललो, सोबत मेव्हणा आणि त्याचा दहावीतला मुलगा. मोटारी मोजल्या. आधी सगळे म्हणत होते सात-आठ असतील. मोटार दिसतेच असं नाही, पाइप दिसतो, गवतात बुजलेली केबल दिसते, झुडपात पत्र्याच्या पेटीत स्टार्टर दिसतो. पोरगं हुशार, त्याने पाइप नाही मोजले, डोह मोजले, म्हणे जिथे डोह तिथे फुटबॉल (मोटारीच्या पाइपच्या टोकाची झडप) असणारच. आमच्या प्लेटच्या वर १७ निघाल्या. त्यातल्या ११ थेट ओढ्यात नाहीत, काठावरच्या विहिरींत आहेत, पण त्या विहिरी ओढ्यापासून वीस-तीस पावलांवर, म्हणजे ओढ्यातच धरा. इथे वर मुरूम, खाली मांजऱ्या म्हणजे मऊ खडक आणि त्याखाली काळा पाषाण, पाणी साठतं ते वरच्या थरातच, आणि तोच थर दिवाळीनंतर ओढ्याला झिरपून पाणी देतो. विहीर उपसली की ओढ्याची तहान आधी.

पुस्तकात हे वेगळं असतं, भूजल एका खात्याचं आणि ओढा दुसऱ्या खात्याचा. पाण्याला हे कोणी सांगितलेलं नाही.

१७ नोव्हेंबर

निवडणुकीची धामधूम. आचारसंहिता, त्यामुळे ग्रामसभा नाही, ठराव नाही, काहीच नाही. वनराई बंधारा मात्र झाला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात माती-वाळू, तोंड शिवायचं आणि रचायचं. चाळीस माणसं आली. फोटो झाले, पोहे झाले, दोन उमेदवारांची माणसं पण येऊन हात लावून गेली. बंधारा घालायला गाव येतं, मोटार मोजायला कोणी येत नाही, आणि यात नवल काही नाही, बंधाऱ्याने कोणाचं काही कमी होत नाही ना.

रीडिंग ९. साडेतीन लिटरच्या आतबाहेर.

८ डिसेंबर

काहीतरी गडबड आहे. मामा रोज सकाळी सातला रीडिंग लिहितात, चुना लावलेल्या पाटीवर, मग मला फोन. गेल्या आठवड्यात ४, ४, ४, ५, ४. या आठवड्यात ८, ८, ७, ८. पाऊस नाही, बंधारा फुटलेला नाही. मला वाटलं मामांचा चष्मा. शनिवारी रात्री मुक्कामाला गेलो, दर दोन तासांनी टॉर्च घेऊन जाऊन वाचलं, थंडी म्हणजे हाडं गोठली, सासूबाईंनी घोंगडी दिली वर "याला काय वेड लागलंय का" असं बायकोला विचारलं, मला ऐकू जाईल इतपत आवाजात.

उत्तर पहाटे वायरमनने दिलं, तेही चहा पिताना सहज. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. गेल्या आठवड्यात रात्रपाळी होती, रात्रभर मोटारी चालल्या, त्यामुळे सकाळी सातला ओढा मेलेला. या आठवड्यात दिवसपाळी, रात्रभर डोह भरले, सकाळी ओढा जिवंत. म्हणजे मामा ओढा मोजत नव्हते, लाइटचं वेळापत्रक मोजत होते.

मी तिथे काठावर बसून राहिलो थोडा वेळ. तीन वर्षं आम्ही डोंगरावर चर खणून जे काही वाढवलं असेल त्याच्यापेक्षा जास्त फरक एका फीडरच्या, म्हणजे शेतीच्या वीज लाइनच्या, पाळीने पडत होता. ८ सेंटीमीटर म्हणजे अडीच लिटर. ४ म्हणजे अर्धा लिटरही नाही.

आता रीडिंग दोनदा, सकाळी सात आणि संध्याकाळी सहा, आणि बाजूला लाइट कोणती ते लिहायचं.

२९ डिसेंबर, रविवार

मेव्हण्याची मोटार मोजली. ५ एचपी. दुसऱ्या कोणाची मोजायला मागितली असती तर दगड खाल्ला असता, म्हणून घरातूनच सुरुवात. २०० लिटरचा ड्रम पाइपखाली धरला, पोराने मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. २४ सेकंद. परत केलं, २५. परत, २४. म्हणजे सेकंदाला ८ लिटरच्या वर.

ओढा त्या दिवशी मोटारी बंद असताना अडीच लिटर.

मेव्हणा पाटीवरचे आकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे माझी एकटीच तीन ओढे पिते?" मी म्हटलं चालू असेपर्यंत हो, डोहात साठलेलं आधी ओढते, मग डोह भरेपर्यंत खाली काहीच जात नाही. तो म्हणाला मग बाकीच्या सोळांचं काय. मी म्हटलं तेच विचारतोय मी. दिवसभर नीट बोलला नाही. जेवताना भाकरी मात्र स्वतःच वाढली.

त्याचं म्हणणंही लिहून ठेवतो कारण ते खोटं नाही. टोमॅटो लावलाय, कर्ज काढून. ७.५ एचपीपर्यंत वीज बिल माफ आहे एप्रिलपासून, मग मोटार बंद का करू? बंद केली तर ते पाणी शेजारच्याची मोटार ओढणार, ओढ्याला थोडंच मिळणार. ठिबक पण बसवलंय, म्हणे पाणी वाचवतो. वाचवतो हे खरं, पण वाचलेलं पाणी ओढ्यात सोडत नाही, त्यावर आणखी अर्धा एकर भिजवतो. मी असतो तर मीही तेच केलं असतं. आता सोलर पंपाचे फॉर्म भरतायत सगळे, तिथे तर लाइट जायचाही प्रश्न नाही, ऊन आहे तोवर पाणी.

२६ जानेवारी २०२५, रविवार

ग्रामसभा. काल त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा होती त्यामुळे निम्मं गाव पाय दुखतायत म्हणून खुर्च्यांवर, एरवी उभे असतात.

मी बोललो नाही, जावई गावचा नसतो. मामा बोलले. तीन महिन्यांच्या पाट्या कागदावर उतरवून नेल्या होत्या. सरपंच ताईंनी नीट ऐकलं. मागून एक जण उठला, "आज मोजायला आले, उद्या पाणीपट्टी लावतील!" टाळ्या. दुसरा म्हणाला आमच्या १७ मोटारी दिसल्या, तिकडे धरणाच्या काठाला फार्महाऊस, पोहायचे तलाव, हिरवीगार लॉनं, ती कोण मोजतं? शहराला चोवीस तास पाणी पाहिजे आणि आम्ही डोह सोडायचे? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. लॉन मीही पाहिलंय, आमच्याच कंपनीची पार्टी होती तिथे.

मग एक मुद्दा निघाला ज्याने हवा बदलली. गावाच्या नळयोजनेची विहीर ओढ्याच्या काठालाच, आमच्या प्लेटच्या खाली. गेल्या एप्रिलला ती आटली तेव्हा टँकर आला होता आणि टँकरच्या रांगेत कोण होतं, तर बायका. मागे बसलेल्या मावशी उभ्या राहिल्या, म्हणाल्या टोमॅटोला पाणी आणि लेकराला टँकर, हे कोणी ठरवलं? एकदम शांत. ग्रामसेवकांनी सांगितलं की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, १९९३ पासून कायद्यात आहे. बऱ्याच जणांनी जमिनीकडे पाहिलं. गेल्या दोन वर्षांत त्या अंतरात बोअर झालेत, सगळ्यांना माहीत आहे.

ठराव एवढाच झाला की नळयोजनेच्या विहिरीत पाणी किती आहे ते दर आठवड्याला मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचं. मला वाटलं होतं आणखी काही होईल. मामा म्हणाले एवढं झालं हेच खूप आहे.

१६ फेब्रुवारी

ओझरला जाऊन आलो, दोन जीपा करून, सतरातले नऊ मोटारवाले आले, मेव्हणा पण. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला हे गाव, पूर्वी शेवटापर्यंत पाणी पोचायचंच नाही. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पाणी वापर संस्था उभ्या केल्या, आणि पाणी एकरावर नाही तर मोजून घ्यायला लागले, घनमीटरवर पैसे. नाल्यांवर बंधारे घालून त्यात कालव्याचं पाणी सोडतात, मग आजूबाजूच्या विहिरी भरतात. पुढे सगळ्या प्रकल्पाचा कारभारच शेतकऱ्यांच्या हातात आला.

आमच्या लोकांना भाषणात रस नव्हता, मोजायच्या पट्टीत होता. कालव्याच्या चाऱ्यांवरच्या मापाजवळ अर्धा तास वाकून. येताना जीपमध्ये चर्चा अशी की त्यांचं सोपं आहे, त्यांना वरून धरण पाणी देतं, आपल्याला कोण देतं. बरोबर आहे. पण एक जण म्हणाला, "त्यांनी मोजलं म्हणून भांडण मिटलं असं नाही, भांडायला काहीतरी हातात आलं." द्राक्षं घेतली वाटेत, दोन पेट्या, स्वस्त मिळाली.

९ मार्च

प्लेट गायब.

सकाळी मामांचा फोन, व्ही-नॉच नाही, नुसता खड्डा. मला वाटलं कोणीतरी मोटारवाल्याने राग काढला, इकडून जाईपर्यंत मनात तीन जणांवर केस चालवून शिक्षा पण देऊन झाली. दुपारी सापडली. चुलत सासूबाईंच्या खुराड्याला दार म्हणून लावलेली, उलटी, आणि त्या नव्वद अंशाच्या खाचेतून एक कोंबडी आत-बाहेर करत होती. म्हणे ओढ्यात पडली होती, भंगार वाटलं, खाच पण तयारच होती. कोंबडीसाठी खरंच नेमकी साइज. आम्ही सगळे इतके हसलो की मागायची लाज वाटली. दुसरा पत्रा कापून आणून दिला तेव्हा प्लेट परत मिळाली.

परत बसवली. रीडिंग ५. पाऊण लिटर.

३० मार्च, पाडवा

याच दिवशी लाल रेष मारली. नळयोजनेच्या विहिरीत, पाण्यापासून वर नाही, तळापासून ६ फुटांवर आतून ऑइल पेंट. ठरलं ते असं, पाणी त्या रेषेच्या खाली गेलं की प्लेटच्या वरच्या सतरापैकी जे तयार आहेत त्यांनी मोटारी एक दिवसाआड. तयार किती? ११. सहा जण नाही म्हणाले, त्यातले दोघे तोंडावर, चौघे हसून. लेखी काही नाही, देवळात नारळ फोडला. कायद्यापेक्षा इथे नारळ जास्त चालतो, हे मी कंपनीत सांगितलं तर कोणी ऐकणार नाही.

१३ एप्रिल, रविवार

पाणी गुरुवारीच रेषेखाली गेलं. प्लेटवर ३ सेंटीमीटर पण नाही, एवढ्या कमीत खाचेचं गणित नीट बसत नाही, म्हणून बादली लावून मोजलं, १० लिटरची बादली ५२ सेकंदात.

पाळी चालू. पहिले दोन दिवस सगळ्यांनी पाळली. तिसऱ्या रात्री एकाची चालू दिसली, विचारलं तर म्हणाला ऑटो लावलं होतं, लाइट आली की आपोआप सुरू होते. तो ऑटो स्विच म्हणजे या सगळ्यातला खरा चोर, माणूस झोपलेला आणि मोटार पाणी ओढतेय. अकरांपैकी सात जणांनी काढून टाकला. पोराने काढलेल्या स्विचांची माळ करून दारात लटकवली आहे.

शेततळ्याचं पण एक लिहायचं राहिलं. वरच्या अंगाला एकाचं आहे, ३० बाय ३०, प्लास्टिक अस्तराचं, पावसाने भरत नाही, जानेवारीत ओढ्यातूनच भरलं. त्याला विचारून कडेला पट्टी चिकटवली आणि आठवडाभर पाणी न काढता बघितलं, ६ सेंटीमीटर उतरलं. नुसतं उन्हाने. ९०० चौरस मीटरला ते ५४ हजार लिटर होतात. त्याने स्वतः गुणाकार केला, परत केला, आणि म्हणाला यापेक्षा ओढ्यात राहिलं असतं तर. मग जरा थांबून, "तर शेजाऱ्याने ओढलं असतं." इथेच येऊन अडतं सगळं दर वेळी.

२७ एप्रिल

टँकर आलेला नाही. अजून. गेल्या वर्षी या तारखेला आला होता. यंदाचा पाऊस बरा होता, त्यामुळे पाळीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, मोजणाऱ्याने तरी म्हणू नये. विहिरीत साडेचार फूट. मावशी रोज संध्याकाळी वाकून रेष बघतात आणि मोटारवाल्यांच्या घरावरून जाताना आकडा मोठ्याने सांगतात. हे ठरावात नव्हतं.

११ मे

अवकाळी. आठवडाभर झोडपतोय, खाली निफाडकडे कांद्याची वाट लागली. आणि ओढा लाल.

वरच्या उताराला एका प्लॉटिंगवाल्याने मार्चपासून जेसीबी लावून रस्ते कापलेत, डोंगराच्या कुशीत पायऱ्या केल्यासारखे, "सेकंड होम, नदीचा व्ह्यू". आम्ही जिथे दोन वर्षांपूर्वी समपातळीचे चर खणले होते त्यातले निम्मे त्या रस्त्याखाली गेले. जमीन त्याची, विकत घेतलेली, आम्ही चर खणताना जुन्या मालकाला विचारलं होतं, कागद कुठे केला होता. उघडा मुरूम पहिल्याच सरीत सुटला. प्लेटच्या मागे पूर्ण गाळ, खाचेच्या टोकापर्यंत, रीडिंग घ्यायला पाणीच नाही, नुसता चिखल. फावड्याने काढला, दोन तासांनी परत भरला. बाटलीत पाणी घेऊन ठेवलं, सकाळी तळाला तीन बोटं लाल थर. गंगापूर धरण बांधलं तेव्हा ७,२०० दशलक्ष घनफूट धरायचं, आता ५,६३० धरतात, मधलं कुठे गेलं याचा नमुना त्या बाटलीत आहे. ती खिडकीत ठेवली आहे, सासूबाईंना आवडलेली नाही.

अर्ज केला. पोच मिळाली. पोच जपून ठेवली आहे.

सहा जण जे पाळीला नाही म्हणाले होते त्यातले तीन जण आज फावडं घेऊन आले, कारण तोच गाळ त्यांच्या डोहात, फुटबॉल चिखलात रुतलेले. मोटारीच्या विषयावर चकार शब्द नाही, नुसता गाळ काढला आणि गेले.

२२ जून, रविवार

पाऊस यंदा महिना आधीच आल्यासारखा. जूनमध्येच गंगापूरमधून पाणी सोडलं, गंगेवर म्हणजे गोदावरीच्या घाटावर गर्दी, सगळे दुतोंड्या मारुतीच्या कुठे पाणी लागलंय ते बघायला, आमच्या नाशिकची खरी पूरपट्टी तीच, कमरेला लागलं, छातीला लागलं असंच बोलतात. मीही गेलो पोरांना घेऊन.

गावात प्लेट आधीच काढून ठेवली होती, पुरात राहिली नसती. खुराड्याच्या मापाची नाही, या वेळी जाड पत्र्याची नवी करतोय, मेव्हण्याने पैसे दिले, अर्धे. त्याचं म्हणणं दुसरी प्लेट त्या प्लॉटिंगच्या वर लावायची आणि एक खाली, म्हणजे मधे काय होतं ते कळेल. शिवाय दोन मोटारींना मीटर, एक त्याच्या आणि एक शेततळेवाल्याच्या, वापराचे तास मोजायला. ऑक्टोबरला बसवू, दसऱ्यानंतर. शाडू घरी आणून ठेवलाय, मामांनी चुन्याची पाटी धुवून माळ्यावर टाकली.